फ्लेक्सवरचा शेजारी

चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढउतार केलेल्या माणसाला एसटीच्या दोन पायऱ्यांचं काय कौतुक! पिशोरची गाडी मध्यवर्ती बसस्थानकात नीट लागायच्या आतच धोंडिबा हिवराळे उतरले आणि समोर उभ्या असलेल्या लेकीला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठंय?"

कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"काय कुठंय, आप्पा?"

"आता गं! फोटो!"

मेघानं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. जानेवारीचं कोवळं ऊन होतं आणि त्या उन्हात तिचा चेहरा दोन फूट उंच होऊन झळकत होता. यशोझेप करिअर अकॅडमी. शंभर टक्के नोकरीची हमी. आमचे यशवंत विद्यार्थी. दोन ओळींत आठ चेहरे, आणि खालच्या ओळीत तिसरी ती. मेघा हिवराळे, डेटा अ‍ॅनालिस्ट, वार्षिक पॅकेज साडेआठ लाख.

धोंडिबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. रिक्षा, जीप, उसाची गाडी, सगळ्यांना हात दाखवून थांबवत ते रस्ता ओलांडून गेले आणि फ्लेक्सखाली उभे राहिले. मान वर करून आठही चेहरे एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "कपाळावर केस काहून आलेत? विंचरायचे तरी."

"अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवरचा फोटो आहे तो."

"आन् हे शेजारचं पोरगं कोण? दात लई पांढरेत."

मेघानं त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. खालच्या ओळीतला शेवटचा. सम्यक मगरे, सिनिअर डेटा अ‍ॅनालिस्ट, साडेअकरा लाख. बाकीचे सातही जण फोटोच्या दुकानात बसतात तसे ताठ बसलेले. हा एकटाच कुणाशी तरी बोलता बोलता हसला असावा.

"माझी ओळख नाही."

"एका शाळंत शिकले, शेजारी फोटो लागला, आन् ओळख नाय?" धोंडिबांनी मान हलवली. "शहराची तऱ्हाच न्यारी." मग त्यांची नजर फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यावर गेली आणि चेहरा एकदम कामावरच्या माणसाचा झाला. "ही गाठ कुणी मारली? दोन दिवसांत सुटंल ही. आमच्या हेल्परला असली गाठ मारू दिली नसती म्या." बाह्या वर करून त्यांनी तार सोडली आणि नुसत्या बोटांनी तिला असा पीळ दिला, की लोखंडी चौकट करकरली. "आता वादळ येऊ दे. माझी लेक इथून हलत नाय."

रसवंतीवाल्यानं दोघांचा फोटो काढला. धोंडिबा ताठ, हात मांड्यांशी. मेघा हसतेय की काय करतेय ते कळू नये अशी.

खरं असं होतं, की मेघाला तसली नोकरी लागलेलीच नव्हती. कोर्स संपून नऊ महिने झाले होते. हमीच्या नावाखाली तिला एका मुलाखतीची लिंक आली होती, ती कधी उघडलीच नाही. फी म्हणे हप्त्यानं भरायची होती. टॅबवर बोटानं सही केल्यावर कळलं, की ते बँकेचं कर्ज होतं. शेवटी तिनं आपलं आपण शोधून वाळूजला एका कारखान्यात माल पाठवायच्या खिडकीवर काम धरलं. महिना चौदा हजार. घरी इतकंच ठाऊक होतं, की पोरगी कंपनीत लागली. पिशोर गाडीच्या कंडक्टरनं आठ दिवसांपूर्वी हा फ्लेक्स पाहिला, गावभर केला, आणि धोंडिबांचा फोन आला तेव्हा पलीकडून एवढा आनंद आला, की मेघाच्या तोंडून गेलं, "हो, आप्पा."

चार वाजता त्यांना परत गाडीत बसवताना ती खिडकीपाशी उभी राहिली. "आप्पा, त्या नोकरीचं जरा…"

"व्हय व्हय, रजा टाकून आलीस, म्हाईतंय मला. जा आता, साहेब बोलतील."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळेपर्यंत खिडकीतून हात हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापत ठेवून धोंडिबा ओट्यावर येऊन बसले, ते तिथंच गेले.

पुण्यानुमोदनाला अर्धं गाव आलं. बोलायला उठलेला प्रत्येक जण म्हणाला, धोंडिबांनी खांबावर चढून लेकीला साडेआठ लाखांची केली. मेघा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं, दुःखानं.

*

फेब्रुवारी सरता सरता एका संध्याकाळी अवकाळी भुरभुर सुरू झाली. वाळूजहून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून मेघा बसस्थानकासमोर उतरली. रोज उतरायची तिथंच, आणि रोज फ्लेक्सकडं एकदा पाहून पुढं जायची. आज फ्लेक्सचे वरचे दोन्ही कोपरे सुटले होते आणि तो कुणी शाल टाकावी तसा पुढं लोंबत होता. त्याच्याखाली एक तरुण गुडघ्यावर बसून पकडीनं तार ओढत होता आणि तिला विनवत होता, "सुट ना गं माय! काय वैर आहे का आपलं?"

मग त्यानं मान वर केली. केसांतून पाणी गळत होतं… आणि दात लई पांढरे होते.

मेघाच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही… साडेअकरा लाख?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. लोंबत्या फ्लेक्सचा कोपरा उचलून आत डोकावलं. पुन्हा तिच्याकडं पाहिलं. "बाप रे! साडेआठ!"

"साडेअकरा लाखांचा माणूस स्वतःचा फ्लेक्स स्वतः उतरवतो?"

"साडेआठ लाखांच्या मॅडम कंपनीच्या बसला लोंबकळून येतात?"

मग त्यानं खिशातून तार कापायची कात्री काढली. "दहा मिनिटं झाली, सुटतच नाही ही. ही माझी गाठ नाहीये. मागून कुणी तरी येऊन—"

"कापू नका!" आपण एवढ्या मोठ्यानं बोललो हे मेघाला मागून कळलं. "माझ्या वडिलांनी मारलीये ती."

"मग बोलवा ना त्यांना. त्यांनाच सुटणार ही."

"नाहीत ते." ती थांबली. "महिना झाला."

सम्यकनं कात्री खिशात ठेवली. सॉरी म्हणाला नाही, कसे गेले विचारलं नाही. पुन्हा गुडघ्यावर बसला आणि तारेचा एकेक पीळ उलटा फिरवत सोडवू लागला. किती वेळ लागला कोण जाणे. मेघानं छत्री उघडली होती. ती आपल्या डोक्यावर नसून त्याच्या डोक्यावर आहे हे रसवंतीवाला हसला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तार सुटली. त्यानं बोटं झटकली. "मास्टर माणूस होते," एवढंच म्हणाला.

समोरच्या टपरीवरच्या चाचांनी न विचारता दोन हाफ चहा पुढं केले. "क्या सम्यकभाई, आज अपनाच फोटो उतार रहे?"

"चाचा, गप बसा ना."

"आठ लोगां में एक तुमीच अच्छे दिखते थे. और ये बाजूवाली," चाचांनी मेघाकडं पाहिलं आणि किटली हातात तशीच राहिली. "या अल्ला."

मेघानं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. "तुम्हाला तरी लागली का हो नोकरी?"

"कसली नोकरी? मी तो कोर्सच केला नाही."

"म्हणजे?"

"मी फ्लेक्स बनवतो. औरंगपुऱ्यात, बद्रीनाथशेठच्या दुकानात. अकॅडमीनं फोटो पाठवले सात, आणि डिझाइनमध्ये चौकटी आठ. म्हटलं, मांडणी कशी दिसते बघू, तात्पुरता आपलाच फोटो टाकू. वाढदिवसाच्या फ्लेक्सला आम्ही तसंच करतो, नंतर नेत्याचा बसवतो. खाली गंमत म्हणून साडेअकरा लाख टाकले आणि नमुना पाठवून दिला. मला वाटलं, ते म्हणतील हा कोण. दोन मिनिटांत उत्तर आलं… मस्त, छापा."

मेघा त्याच्याकडं पाहत राहिली.

"त्यांचा विद्यार्थी कोण, हे त्यांनाच माहीत नाही हो. म्हटलं, छापा तर छापा, आणि इथं आणून टांगला. आता सिल्लोडच्या मावशीनं पाहिलाय. तीन स्थळं आलीत. मी आईला म्हटलं, कडूबाई, खरं सांगून टाकू. ती म्हणते, आधी पोरगी बघून घेऊ, खरं काय पळून जातंय?"

मेघा हसली. आधी नाकातून, मग चहा सांडेपर्यंत. महिनाभरात ती हसली नव्हती, आणि हसता हसता तिला इतकं अपराधी वाटलं की तिनं ओढणी तोंडावर धरली. सम्यक दुसरीकडं पाहत चहा पीत राहिला, तिचं आवरेपर्यंत.

निघताना त्यानं फ्लेक्सची घट्ट गुंडाळी करून तिच्या खांद्यावर दिली. "हा तुमचा. लोक कांद्यावर झाकायला नेतात. तुम्ही…"

"मी बघते काय करायचं ते."

"आणि साडेआठ—"

"मेघा."

"मेघा. काही छापायचं असलं तर या."

*

छापायचं काहीच नव्हतं. तरी मार्चच्या पहिल्या रविवारी ती औरंगपुऱ्यात त्या दुकानाच्या पायऱ्या चढली. हातात बँकेचं पत्र होतं. नोकरीची हमी खोटी निघाली, तेव्हा त्या हमीवर दिलेल्या कर्जाचे हप्ते थांबवा, अशी तक्रार तिनं केली होती. बँकेनं उत्तरात फ्लेक्सचाच फोटो जोडला होता. संस्थेच्या नोंदीनुसार आपणास नोकरी लागली असून आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

सम्यकनं पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे माझंच डिझाइन तुमच्याविरुद्ध पुरावा?"

"काम चोख केलंत ना, बँकेलाही पटलं."

"नावानं सम्यक आणि कामं असली, असं म्हणा हवं तर. आई म्हणते."

"मी तेच म्हणणार होते."

त्यानं तिला ग्राहक आयोगात तक्रार करायचं सुचवलं. वकील लागत नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, हे त्याला एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. मग रविवारमागून रविवार ती येत राहिली. तो संगणकावर भावी नगरसेवकांना गॉगल चढवत असायचा, ती बाजूच्या स्टुलावर बसून तक्रारीचा मसुदा लिहायची. वाचनाची सवय असलेली मुलगी. तिला एक शब्द जास्तीचा खपायचा नाही.

"ह्या माणसाला इतकं गोरं का केलंस?"

"त्याच्या बायकोचा फोन आला होता."

"आणि ह्याच्या मागे वाघ?"

"वाघ मोफत असतो."

बद्रीनाथशेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "सम्यक, ताईंना घरी सोडून ये एकदाचा, म्हणजे कामाला लागशील!" आणि तो खरंच सोडायला निघायचा. गुलमंडीवर इमरती घ्यायची आणि चालत चालत तिच्या खोलीपर्यंत जायचं, हे ठरलेलं. पाकानं बोटं चिकट झाली की तो खिशातून रुमाल काढायचा, तो नेहमी शाईनं रंगलेला, आणि ती तो नाकारून ओढणीलाच बोटं पुसायची. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. वडिलांविषयी मात्र ती एवढंच बोलली होती, की ते फ्लेक्स बघायला आले होते. घरी, पिशोरला, अजून सगळ्यांना ते साडेआठ लाख खरेच वाटतात… हे तिनं सम्यकलाही सांगितलं नव्हतं.

मार्चअखेर पुराव्याची कागदपत्रं लावायची म्हणून तिनं त्याच्या फोनवरचे अकॅडमीचे मेसेज मागितले. त्यानं फोन पुढं केला आणि एकदम हात मागं घेतला. मग पुन्हा दिला.

मेघानं वाचलं. पॅकेज तुम्हीच टाका. वेगवेगळे पाहिजेत. गोल आकडा नको, खोटं वाटतं. त्याखाली सम्यकनं आठ आकडे पाठवले होते.

"साडेआठ… तू लिहिलास?"

"हो."

"माझ्या नावासमोर?"

"हो." तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाकीच्यांना सव्वाचार, साडेपाच, पावणेसहा लिहिले. तुझ्या फोटोपाशी थांबलो. असं वाटलं, ही मुलगी काही तरी विचारतेय. हिला कमी लिहिलं तर रागावेल…"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती हसली असती.

"माझा बाप त्या आकड्याखाली उभा राहून फोटो काढून गेला, सम्यक. तो आकडा खरा समजून गेला."

तिनं फोन टेबलावर ठेवला, आपले कागद पिशवीत भरले आणि पायऱ्या उतरून गेली. पाठीमागून त्यानं हाक मारली नाही. तिला वाटलं होतं, मारेल.

*

आठ दिवस ती बसमधून उतरून सरळ खोलीवर जात राहिली. नवव्या दिवशी चाचांनी टपरीवरून हाक दिली. "बेटा, ये तुम्हारी अमानत. बोला था, हाथ में देना."

पाकिटात नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. मी सम्यक मगरे, व्यवसाय फ्लेक्स डिझायनर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर फ्लेक्सवरील सर्व पॅकेजचे आकडे मी स्वतः मनाने लिहिले आहेत. सदर फ्लेक्सवरील आठवा यशवंत विद्यार्थी मी असून, मी सदर अकॅडमीची पायरीही चढलेलो नाही. सोबत सगळे मेसेज. आणि वहीच्या कागदावर हातानं: "हे लावायचं की नाही, तू ठरव. कसंही ठरवलंस तरी मी चुकलो होतो."

"दुकानातून काढलं का त्याला?" मेघानं विचारलं. अकॅडमीचं मोठं गिऱ्हाईक होतं, ते जाणारच होतं.

चाचा हसले. "बद्रीसेठ? दो दिन बात नहीं करे. तिसरे दिन अपना डब्बा सामने सरकाए. बोले, खा ले रे हरिश्चंद्रा."

मेघा टपरीच्या बाकावर बसली. प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. आकडा त्यानं लिहिला होता, खरं. पण 'हो, आप्पा' हे शब्द त्यानं लिहिले नव्हते. हा मुलगा शिक्क्यासकट आपली चूक लिहून देऊन मोकळा झाला, आणि ती? हे कागद आयोगात लागले की गोष्ट आज ना उद्या पिशोरला पोचणार. मायच्या घरात भिंतीवर तो फोटो होता. आप्पांचा शेवटचा. त्यांचा शेवटचा आनंद खोटा ठरवायचा, तोही लेकीनं, त्यांच्या माघारी… तक्रार मागं घेतली तर कुणालाच काही कळणार नव्हतं. आणि यशोझेपचा नवा फ्लेक्स रस्त्यापलीकडं लागलाच होता, नव्या आठ चेहऱ्यांचा.

शनिवारी ती पिशोर गाडीत बसली.

गोजरबाई ओट्यावर सुपात तूर निवडत होत्या. मेघा शेजारी बसली, तिनंही मूठभर तूर हातात घेतली. बराच वेळ खडे वेचल्यावर ती म्हणाली, "माय, त्या फोटोतलं खोटं आहे."

"कोणतं खोटं?"

"साडेआठ लाख. असली नोकरीच नाही मला. वाळूजला खिडकीवर उभी असते. चौदा हजार मिळतात. त्या लोकांनी खोटं छापलं आणि मी… मी आप्पांना हो म्हटलं."

सूप थांबलं. आत भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली धोंडिबा हात मांड्यांशी धरून ताठ उभे होते.

"उभ्यानं काम करती?" गोजरबाईंनी विचारलं.

"हो."

"दिवसभर?"

"हो."

"आन् आम्ही म्हणत व्हतो, पोरगी खुर्चीत बसून जाडी व्हईल." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग एकदम चिडल्या. "मंग पुण्यानुमोदनाला लोकं एवढं बोलले, तवा तू एकलीच गिळत बसलीस व्हय? मला नाय सांगायचं? म्या काय पंच हाय का गावची?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं. आता नाय का वाटलं? पर दोघींनी वाटून घेतलं असतं." सूप पुन्हा हललं. "ते त्या फोटोला भुलले नव्हते गं. आकडा तर मला वाचून बी दाखवला नाय त्यांनी. घरी आले आन् दोनच गोष्टी बोलत व्हते. म्या तार कशी बांधली, आन् पोरीच्या शेजारी एक दात पांढऱ्याचं पोरगं हाय. विचार म्हणले तिला, कोण हाय." त्यांनी मेघाकडं तिरकं पाहिलं. "त्याचं तरी खरं हाय का?"

"त्याचं तर सगळंच खोटं आहे, माय. तो शिकलाच नाही तिथं."

"आन् मंग तू हसती काहून?"

मेघानं तूर सुपात टाकली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली.

सोमवारी संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. सम्यक एका पैलवानाला फेटा घालत होता. माउस हातातच राहिला.

"लावलं प्रतिज्ञापत्र," ती म्हणाली. "तक्रार दाखल झाली."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी… माफ, की अजून तारीख पडणार?"

"आधी इमरती आण. मग बघू."

बद्रीनाथशेठनी गल्ल्यावरून हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

*

तारखा पडल्याच. एप्रिल गेला, उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. दर तारखेला दोघं आयोगाच्या बाकावर शेजारी बसून पुढची तारीख घेऊन यायचे आणि वाटेत कुठं तरी खायचे. सम्यक दर वेळी काही तरी बोलायला तोंड उघडायचा आणि शेवटी म्हणायचा, "पाणी घेतेस?" मेघा दर वेळी "घेते" म्हणायची. एकदा जोराचा पाऊस आला आणि दोघं एका दुकानाच्या पत्र्याखाली अर्धा तास उभे राहिले. खांद्याला खांदा लागला, कुणी हलवला नाही. गोजरबाई फोनवर विचारायच्या, "काय म्हणतंय ते दात पांढऱ्याचं?" "काही म्हणत नाही, माय." "आन् तू?" यावर लाइन खराब व्हायची.

ऑक्टोबरात सुनावणी लागली. गोजरबाई पहाटेची गाडी पकडून आल्या आणि मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. एका बाजूला बँकेचा अधिकारी, अकॅडमीचे काळ्या कोटातले वकील, समोर अध्यक्ष मॅडम, पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या.

मॅडमनी फ्लेक्सचा फोटो उचलला. "हा आठवा विद्यार्थी कोण?"

"मी, मॅडम," सम्यक उठला.

"तुम्ही काय शिकलात तिथं?"

"काहीच नाही, मॅडम. पण पॅकेज सगळ्यात जास्त मलाच आहे."

बाकांवर हशा पिकला. बँकेच्या अधिकाऱ्यानं हसू लपवायला फाइल वर धरली. मॅडमनी मेघाकडं पाहिलं. "तुम्ही फ्लेक्स लागल्यावर हरकत का घेतली नाही?"

मेघा उभी राहिली. "माझ्या वडिलांना फार आनंद झाला होता. त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. ती चूक माझी. पण त्या फ्लेक्समुळं माझ्यानंतर अजून चाळीस जणांनी प्रवेश घेतला, मॅडम. त्यांनाही नोकरी लागलेली नाही."

मागं गोजरबाईंची पिशवी चुरचुरली.

वकील सावकाश उठले. "मॅडम, सगळी मदार या एका साक्षीदारावर आहे. आमची माहिती अशी, की तक्रारदार आणि साक्षीदार सतत एकत्र दिसतात. दुकानात, गुलमंडीवर. हे उघड संगनमत आहे. तक्रारदारांनी सांगावं, यांच्याशी त्यांचं नातं काय?"

"सांगा," मॅडम म्हणाल्या.

"ओळख म्हण," सम्यक शेजारून कुजबुजला. "मेघा, नुसती ओळख म्हण… नाही तर केस जाईल."

एक शब्द पुरला असता. ओळख. खोटाही नव्हता फारसा. वकील पेन सरसावून वाट पाहत होते, आणि दुसरं काही बोललं तर त्यांना हवं तेच हातात पडणार होतं. मेघानं एकदा सम्यककडं पाहिलं. शाईनं रंगलेली बोटं बाकाच्या कडेवर घट्ट आवळलेली होती. बोलू या नंतर कधी तरी, सावकाश, असं ती गेले कित्येक महिने स्वतःला सांगत आली होती. आणि नंतरचं काय होतं, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्वच्छ निघाला, "अकॅडमीचे मेसेज जानेवारीतले आहेत, तारखा त्यांच्यावरच आहेत. मी यांना पहिल्यांदा भेटले अठ्ठावीस फेब्रुवारीला. तोपर्यंत आमचं काहीही नातं नव्हतं." तिनं श्वास घेतला. "आता आहे. माझं यांच्यावर प्रेम आहे. मार्चपासून. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही… यांनासुद्धा नाही. आज पहिल्यांदा बोलतेय. लिहून घ्या, मॅडम."